जेल नखे सुरक्षितपणे काढण्याचे रीतसर प्रशिक्षण : मदत हवी आहे

नखशिखांत

मी नेल टेक्निशियन म्हणून काम करते आणि माझ्या हाताखाली दोन शिकाऊ मुली आहेत. आम्ही तिघींनी ज्या वर्गात प्रशिक्षण घेतले, तेथे जेल लावणे, लांबी वाढवणे, नक्षी काढणे हे सारे मन लावून शिकवले गेले. काढण्याचा विषय मात्र 'ॲसिटोनमध्ये भिजवा आणि खरवडा' एवढ्या एका वाक्यात आटोपला. आता अर्धा अर्धा तास भिजवूनही जेल सुटत नाही, मुली पुशरने (नखाच्या मुळाशी असलेली त्वचा मागे सारण्याच्या अवजाराने) जोर लावतात आणि नखाचा वरचा थर पापुद्र्यासारखा जेलबरोबर सोलून येतो. नुकतीच एक ग्राहक परत आली. तिच्या काही नखांवर पांढरे, खडबडीत डाग आहेत आणि गरम पाण्यात हात घातला की झोंबते, असे ती म्हणते. मला घरगुती उपाय नकोत आणि चित्रफितींचे दुवेही नकोत. काढण्याच्या चांगल्या प्रशिक्षणात काय शिकवतात आणि वर्ग निवडताना काय पाहावे, एवढेच नेमके सांगावे. ग्राहक थांबलेले आहेत, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास उपकार होतील.

रंगरेषा

धाग्यात सर्वांत महत्त्वाची गोष्टच आलेली नाही, ती म्हणजे जेल कोणते? जेल पॉलिश, भिजवून निघणारे बिल्डर जेल (नखाला जाडी देणारे), हार्ड जेल की पॉलीजेल? भिजवण्यापूर्वी वरचा टॉप कोट फाइलने फोडता का? आणि ॲसिटोन शुद्ध असते की नेलपॉलिश काढण्याचे तयार मिश्रण? ही माहिती मिळाल्याशिवाय कोणी उत्तर देत असेल, तर तो अंदाजाने देत आहे असे समजावे.

तैलबुद्धी

ताई, नखे मुळात कोरडी असतात म्हणून सोलली जातात. जेल लावण्याच्या काळात ग्राहकाला रोज रात्री नखांच्या मुळाशी जोजोबा तेल चोळायला सांगा. माझ्या बहिणीची नखे तेवढ्यानेच सुधारली. शिवाय ॲसिटोनची वाटी शेगडीवर किंचित कोमट करून घेतली, तर काम निम्म्या वेळात होते.

निदान

वरच्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य कृपया कोणीही अमलात आणू नये. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते) उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे साध्या खोलीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. 56 अंशांना तर ते उकळू लागते. शेगडी, मेणबत्ती, मायक्रोवेव्ह यांपैकी काहीही त्याच्याजवळ नको. ऊब हवीच असेल, तर नखांवर ॲसिटोनचा कापूस ठेवून बोटांना फॉइल गुंडाळून झाल्यावर वरून कोमट टॉवेल ठेवावा. ॲसिटोनच्या बाटलीचे झाकण लावून ठेवणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे हेसुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

नखशिखांत

तेलाचा प्रश्न मी विचारलेला नव्हता. आम्ही ॲसिटोन गरम करत नाही. ते शुद्ध असते, टॉप कोटही फाइल करतो. जेल म्हणजे सगळे वापरतात तेच, खाली बिल्डर आणि वर रंग. प्रशिक्षणाबद्दल कोणी बोलेल का?

फिरती धार

प्रशिक्षणाबद्दलच बोलतो. भिजवणे ही पद्धत मी केव्हाच सोडून दिली आहे. ई-फाइलवर, म्हणजे नखे घासण्याच्या विजेच्या ड्रिलवर, चांगला सिरॅमिक बिट (फिरणारे टोक) लावला की दहाही बोटे पाहता पाहता मोकळी होतात, ॲसिटोनचा वास नाही आणि त्वचा पांढरी पडत नाही. मुलींना थेट ड्रिल शिकवा. फॉइलच्या गुंडाळ्या करण्यात आयुष्य कशाला घालवायचे?

रंगरेषा

ज्या मुलींना पुशरवरचा जोर आवरत नाही, त्यांच्या हाती ड्रिल देण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. बोटाच्या नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. बिट नखाला समांतर न ठेवता तिरका टेकवला किंवा एका जागी क्षणभर जास्त रेंगाळला, की क्यूटिकलजवळ (नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेजवळ) लाल चंद्रकोरीसारखा चर पडतो आणि नख वाढून तो भाग कापला जाईपर्यंत जात नाही. घर्षणाच्या उष्णतेने ग्राहकाने हात मागे ओढला, तर तो आपल्याला मिळालेला इशारा असतो. 'जरा सहन करा' असे म्हणण्याची ती वेळ नव्हे. ड्रिल वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, पण ते पहिल्या धड्यात येत नाही.

फिरती धार

हाताच्या फाइलनेही नख घासले जाते. दोष हत्याराचा नसून हाताचा असतो. फेऱ्या कमी ठेवून दाब शून्य ठेवायला शिकवले, तर ड्रिल फाइलपेक्षा सौम्य आहे, या मतावर मी ठाम आहे.

निदान

मी त्वचारोग विभागात काम करते, म्हणून त्या ग्राहकाबद्दल थोडे लिहिते. जेल ओढून काढल्यावर नखाच्या वरच्या थरातील केराटिनचे कण सुटतात आणि तेथे पांढरे, खडबडीत ठिपके दिसतात. ते बुरशीचे असतीलच असे नाही. ते घासून गुळगुळीत करण्याचा मोह होतो, पण त्यामुळे आधीच पातळ झालेले नख आणखी पातळ होते. बोटाचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते आणि पूर्ण नवे यायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. मात्र नख खालच्या त्वचेपासून सुटलेले असेल, हिरवट झाले असेल, किंवा भोवतालची त्वचा खाजत, फुटत असेल, तर त्यावर काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवणे हेच टेक्निशियनचे काम आहे. जेलमधील हेमा आणि इतर मेथॅक्रिलेट घटकांची ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि त्याच कुळातील घटक दंतोपचारात व सांध्याच्या शस्त्रक्रियेतही वापरले जातात, म्हणून हा विषय केवळ सौंदर्याचा नाही. हा धोका जेल लावणाऱ्या मुलींनाही आहे, किंबहुना त्यांना तो रोजचाच आहे.

शंकासुर

जेलमधील टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली आहे, असे वाचले. मग काढण्याचे प्रशिक्षण घेण्याऐवजी जेल लावणेच बंद का करू नये?

रंगरेषा

बंदी खरी आहे, पण तो घटक दिव्याखाली जेल घट्ट होण्याची प्रक्रिया सुरू करण्यासाठी वापरला जात असे आणि त्याविना तयार केलेली जेलेही मिळतात. या धाग्याचा प्रश्न तो नाही. ताई, 'बिल्डर' या एका शब्दावर काम भागत नाही. ते ब्रश असलेल्या बाटलीतून येते की डबीतून? आणि सोबतच्या पत्रकात काढण्याविषयी काय लिहिले आहे? दिवा त्याच कंपनीचा आहे का?

नखशिखांत

डबीतून. पत्रक आत्ता शोधून वाचले. 'फाइलने काढावे' एवढेच लिहिले आहे. दिवा दुसऱ्या कंपनीचा आहे. त्याने काय फरक पडतो?

रंगरेषा

सगळा फरक तेथेच पडतो. तुमच्याकडचे खालचे जेल हार्ड जेल आहे. त्याच्या रेणूंची वीण इतकी घट्ट असते की ॲसिटोन त्यात शिरतच नाही. अर्धा तास काय, दिवसभर भिजवले तरी केवळ त्वचा कोरडी पडेल. भिजवून निघणारे जेलसुद्धा खरे पाहता विरघळत नाही. ॲसिटोन आत शिरून त्याला फुगवते आणि नखावरची पकड सुटते, म्हणून ते पोपडे धरलेल्या भिंतीच्या रंगासारखे सुरकुतून कडेने उचलले जाते. असे उचललेले जेल लाकडी काडीच्या हलक्या स्पर्शाने सरकते. काडीला अडथळा जाणवला, तर पुन्हा कापूस भिजवून पाच मिनिटे गुंडाळायचे, जोर लावायचा नाही. तुमच्या मुली वरचा रंग सुटलेला पाहून खालचे जेलही सुटेल या समजुतीने खरवडत असणार, आणि जेल सुटण्याऐवजी नखाचा थर सुटतो आहे.

दिव्याचे म्हणाल, तर जेल आणि दिवा यांची जुळणी नसल्यास वरून कडक वाटणारे जेल आतून अर्धवट कच्चे राहू शकते. ते फाइल करताना उडणाऱ्या धुळीत घट्ट न झालेले घटक असतात आणि ती धूळ मनगटावर, मानेवर, पापण्यांवर बसते. धूळ खेचणारा पंखा हवा, मास्क हवा आणि लांब बाह्या हव्यात. पातळ नायट्राइल हातमोजे ॲसिटोनला फार वेळ अडवत नाहीत, त्यामुळे ते ओले झाले की लगेच बदलायचे असतात.

हार्ड जेल काढताना ते शेवटच्या कणापर्यंत काढायचेच नसते. 100 ग्रिटच्या (खरखरीत) फाइलने किंवा ई-फाइलने जाडी उतरवायची, मग त्याहून बारीक 180 ग्रिटवर यायचे आणि नखावर पातळ थर राहू द्यायचा. ग्राहक पुन्हा जेल लावणार असेल, तर त्याच थरावर नवे काम करता येते. लावणार नसेल, तर तो थर नखासोबत वाढून कापला जाईल, असे तिला आधीच सांगायचे. पूर्ण स्वच्छ नखाचा हट्ट बहुतेक वेळा ग्राहकाचा नसतो, तो आपलाच असतो.

फिरती धार

म्हणजे हार्ड जेलसाठी ई-फाइल लागतेच, हे शेवटी मान्य झाले. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

रंगरेषा

आपण सरसकट सर्व जेलसाठी म्हणत होता, आणि तेही जेल कोणते हे विचारण्यापूर्वी.

तैलबुद्धी

शेगडीबाबतचे मत मी मागे घेतो, तेलाबाबतचे नाही.

नखशिखांत

आता कोठे काही हाती लागले. दोन वर्गांशी बोलले. एकाने 'आम्ही सगळी जेले भिजवूनच काढतो, तासाभरात शिकवू' असे सांगितले. दुसऱ्या वर्गातल्या बाईंनी उलट मलाच कोणते उत्पादन आणि कोणता दिवा वापरता ते विचारले. दुसरा वर्ग बरा, एवढे मला कळले. पण तेथेही आणखी काय विचारून घ्यावे? आणि ई-फाइलचा सराव थेट ग्राहकाच्या नखावर करायचा का?

निदान

अवजारांच्या निर्जंतुकीकरणाबद्दल विचारा. धातूची अवजारे आधी साबणाने घासून धुतल्यावरच जंतुनाशकात ठेवायची असतात; न धुता बुडवलेल्या अवजाराचा उपयोग नाही. साध्या फाइल आणि लाकडी काड्या एका ग्राहकानंतर टाकून द्याव्या लागतात. नख पाहून 'आज काम करणार नाही' असे कधी म्हणायचे, याचा धडा त्यांच्याकडे आहे का, हेही विचारा. बहुतेक वर्गांत तो नसतो.

रंगरेषा

ग्राहकाच्या नखावर सराव मुळीच नको. प्लॅस्टिकच्या टिप (कृत्रिम नखे) घ्या, त्यांवर आधी गडद रंगाचा पातळ थर द्या आणि त्यावर पारदर्शक बिल्डर जाड लावा. मुलीने पारदर्शक थर उतरवत जायचे आणि रंगाच्या किंचित वर थांबायचे. मधूनमधून धूळ झटकून टिप दिव्याच्या उजेडात तिरकी धरली की कोठे उंचवटा राहिला आहे ते दिसते. कडांना आणि क्यूटिकलच्या बाजूला हात सर्वांत आधी चुकतो, म्हणून सुरुवात मधल्या उंच भागापासून करायला लावा. फाइलच्या धुळीत रंग दिसला, तर ती टिप बाजूला ठेवून नवी घ्यायची. टिपांवर हात बसला की पुढचा सराव त्या दोघींनी एकमेकींच्या नखांवर करावा, कारण बिट कोठे तापतो हे स्वतःच्या बोटाला कळल्याशिवाय दाबाचा अंदाज येत नाही. तोपर्यंत हार्ड जेल काढण्याचे काम तुम्ही स्वतःच करा आणि थांबलेल्या ग्राहकांना पुढची वेळ द्या.

फिरती धार

टिपांचा सराव उत्तम. बिट मात्र सिरॅमिकच घ्या.