गच्चीवरचे बॉण्डपट: पहिला कुठला?

*देसाई काका (सी-३०४):* शनिवारी गच्चीवर पडदा लावायचं पक्कं ना? मग सिनेमा आज ठरवा. १० ला स्पीकर बंद म्हणजे बंद. 'नो टाइम टू डाय' १६३ मिनिटांचा आहे, ७ ला लावला तर ९.४३ ला सुटतो. चहाला मधे थांबलात की गेलं.

*सुमित (बी-१०२):* काका, पहिला नंबर 'कसिनो रॉयाल'. १४४ मिनिटं.

*पाटील वहिनी (ए-२०१):* त्यात निम्मा वेळ पत्तेच की!

*सुमित:* तोच डाव बघा की वहिनी. पोकर आहे, टेबलावरची पाच पानं सगळ्यांची: बदामचा एक्का, इस्पिकची अठ्ठी, छक्की, चौकी, वर इस्पिकचा एक्का. पहिला खेळाडू इस्पिकचा फ्लश उघडतो, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची. दुसरा तीन अठ्ठ्या, दोन एक्के. व्हिलन तीन एक्के, दोन छक्क्या. बॉण्डकडे इस्पिकची पंजी आणि सत्ती, म्हणजे चौकी ते अठ्ठी एकाच रंगात. तीन पत्तीतली प्युअर सिक्वेन्स, फक्त पाच पानांची.

*देसाई काका:* एकाच डावात चौघांना असली पानं? 😄 पुस्तकात बॅकरा हा पत्त्यांचा दुसराच खेळ आहे, सिनेमात पोकर केला. पण गाडी उलटते ते मान्य. बॉण्डची अ‍ॅस्टन मार्टिन डीबीएस इतकी जमिनीला चिकटून की रॅम्पवरून उलटेना, म्हणून आत गॅसची तोफ बसवली. सात कोलांट्या.

*सुमित:* आणि १९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मधली गाडीची उडी? स्टिअरिंग गाडीच्या मधोमध, ड्रायव्हर मधे, वजन दोन्हीकडे सारखं. पूर्ण ३६० चा पीळ, एकाच टेकमधे. आणि त्यावर शिट्टीचा आवाज टाकून माती केली.

*पाटील वहिनी:* 'ऑक्टोपसी' कुणी घेतच नाही. उदयपूर, कबीर बेदी, रिक्षात टेनिसपटू विजय अमृतराज रॅकेटनं गुंडांना बडवतोय आणि बघ्यांच्या माना टेनिसच्या मॅचसारख्या इकडून तिकडं!

*सुमित:* मजा येते वहिनी, पण शेवटी बॉण्ड जोकरच्या वेशात. पहिल्या दहात, वर नाही.

*देसाई काका:* सुमित, तू १९६९ चा विसरलास. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'. बॉण्ड म्हणून जॉर्ज लेझनबीचा एकच सिनेमा, म्हणून लोक हिणवतात. पण दिग्दर्शक पीटर हंट आधीच्या बॉण्डपटांचा एडिटर, त्यामुळं मारामारीत कट बघ कसे सपासप पडतात. आणि त्यातलं लुई आर्मस्ट्राँगचं गाणं 'नो टाइम टू डाय'मधे परत येतं. जुना न बघता नवा बघितलास तर ते नुसतं गाणं वाटणार.

*पाटील वहिनी:* शेवट सांगू नका हं काका.

*देसाई काका:* नाही सांगत. माझ्या यादीत तो पहिला, 'कसिनो' दुसरा.

*सुमित:* मग या शनिवारी जुना, १४२ मिनिटं. पुढच्या शनिवारी नवा, ६.४५ ला. म्हणजे चहालाही १५ मिनिटं.

*पाटील वहिनी:* आणि 'ऑक्टोपसी'?

*देसाई काका:* तिसऱ्या शनिवारी वहिनी. १३१ मिनिटंच आहे, कुंदा खायलाही वेळ मिळेल.