वजन ९१, घरीच सुरुवात करायचीय, उड्या मारल्या की गुडघे बोंबलतात

शेवभाजी_सुटत_नाही:
राम राम मंडळी, भुसावळहून लिहितेय. वय ३८, उंची ५ फूट २ इंच, वजन ९१ किलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर जे वाढायला लागलं ते थांबलंच नाही. जिममध्ये जायची लाज वाटते आणि मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास, सकाळी आठनंतर बाहेर चालणं म्हणजे शिक्षाच, म्हणून म्हटलं घरीच करू. यूट्यूबवर २० मिनिटांचा व्हिडिओ लावला, वर मोठ्या अक्षरात ‘नवशिक्यांसाठी’, आणि ती काडीसारखी पोरगी पहिल्याच मिनिटाला उड्या मारायला लागली. मी पण मारल्या. चौथ्या मिनिटाला धाप, सहाव्या मिनिटाला खालच्या काकू वर आल्या की पोरं काय धिंगाणा घालून राहिली म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा असा धरला की देशी संडासात बसता येईना. मग चार दिवस सुट्टी. मग परत तेच. सासूबाई म्हणतात नळ आला की पहिल्या मजल्यावर बादल्या चढवते ना तू, तोच व्यायाम. खरंच धरायचा का तो? आणि डाएटचे डबे-बिबे सांगू नका, आमच्याकडे कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भाजीच होते.

खुर्ची_बहाद्दर:
ताई मी जळगावचा, ११२ वरून ९७ वर आलोय, सव्वा वर्ष लागलं, त्यामुळे महिन्यात दहा किलो वाल्यांचं ऐकू नका. पहिलं म्हणजे उड्या बंद. शरीराचं एक किलो कमी झालं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो म्हणतात, म्हणजे उलटं धरा, आपण उडी मारली की त्या गुडघ्याचं काय होत असेल.
मी खुर्चीपासून सुरुवात केली. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी, आणि हाताचा टेका न घेता उठायचं, परत हळू बसायचं, धपकन नाही. बसताना तीन आकडे मोजायचे, खरा व्यायाम तिथंच आहे. पहिल्या दिवशी माझे पाच झाले आणि मांड्या थरथरल्या. एक शहाणपणा सांगतो, प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, मी एकदा सरळ खाली बसलोय, पोरगी अजून हसते. खुर्चीची पाठ भिंतीला लावून ठेवा, आणि लाकडी असेल तर उत्तम. खुर्ची खोल वाटली तर वर उशी ठेवा, दोन आठवड्यांनी काढा.
दुसरं, भिंतीवर हात टेकून पुशअप. जमिनीवरचे विसरा सध्या. भिंत जमली की ओटा, मग पलंगाची कड. तिसरं, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. बस, आठवड्यात तीन दिवस एवढंच, बाकी दिवस हॉलमध्ये किंवा गच्चीवर चालायचं. किती जोरात? शेजारणीशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. दहा मिनिटांपासून सुरू करा. आठवड्याला १५० मिनिटं हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, पण तिथं पोचायला मला तीन महिने लागले.

तर्री_तज्ज्ञ:
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो, राग मानू नका. ताईंचं नावच सगळं सांगतंय 😄 एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि अर्धा तास चालून दीडशेच्या आसपास जातात. आता आपल्या शेवभाजीवर तवंग किती असतो ते आठवा, वरून शेव पण तळलेलीच. वांग्याचं भरीत बिचारं साधं असतं हो, वांगं भाजलेलं, पण त्यात शेंगदाणे, फोडणीला पळीभर तेल आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. सोडू नका, फक्त पळी बाजूला ठेवून चमच्यानं मोजा. भाकरी एक कमी झाली तरी चालेल, डाळ वाढवा.

वॉर्डातली_ताई:
मी धुळ्याला नर्स आहे. सुरू करायच्या आधी बीपी, शुगर आणि थायरॉइड एकदा बघून घ्या, वजन नुसतं वाढत राहतं तेव्हा थायरॉइड बघितलेला बरा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबून दवाखाना. मांड्या दुखल्या तर चालतं, सांधा दुखला, सुजला तर नाही.
बादल्यांचं म्हणाल तर धरा की व्यायामात, भरलेली बादली १५ किलोच्या वर जाते. पण एका हातात एकच नेऊन वाकडं चढू नका, दोन अर्ध्या न्या. आणि नळ काही रोज येत नाही, त्यामुळे सासूबाईंचं अर्धंच खरं. काटा रोज बघू नका, महिन्यातून एकदा बेंबीपाशी टेप लावा, आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत बरं मानतात.

शेवभाजी_सुटत_नाही:
सगळ्यांचे आभार. आत्ता करून आले, सहा झाले, सातव्याला हात टेकवावा लागला. टेप लावला, १०६. तेल मोजलं तर चौघांच्या भाजीला आठ चमचे निघालं, मला वाटत होतं तीन. एक राहिलं विचारायचं, केळं बंद करावं लागेल का?

रावेरचा_केळीवाला:
अजिबात नाही ताई, एका केळात जेमतेम शंभर कॅलरी. शिकरण नका करू, नुसतं खा. तुम्ही पण बंद केलं तर आम्ही केळीच्या भावाचं काय करायचं. हळूहळू करा, बठ्ठं होई जाई.