क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली. अँटिबॉडी कमी करून किडनी ट्रान्सप्लांट झालेलं कोणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. आई 49 वर्षांची, दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा जळगावला डायलिसिस. घराभोवती केळीच केळी आणि पोटॅशियममुळे तिला केळं बंद. घड उतरवायच्या दिवशी ती दार लावून बसते.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, किडनी द्यायला तयार. रक्तगट जुळला, त्यांचे बाकी रिपोर्टही चांगले. आम्हाला वाटलं, झालं काम. पण क्रॉसमॅच (देणाऱ्याच्या पेशींवर घेणाऱ्याचं रक्त हल्ला करतं का, ती तपासणी) पॉझिटिव्ह, म्हणजे हल्ला करतं. पुढच्या तपासणीत आईच्या रक्तात नेमक्या अप्पांच्याच टिश्यूविरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या, एमएफआय (अँटिबॉडी किती आहेत ते दाखवणारा आकडा) साडेसहा हजारांच्या आसपास. डॉक्टर म्हणाले, बाळात बापाचा अंश असतो, तो आईच्या शरीराला परका वाटतो. बाळंतपणात तयार झालेल्या अँटिबॉडी कित्येक वर्षं टिकू शकतात. म्हणजे आम्ही तिघं भावंडंच कारणीभूत! त्यात डायलिसिस सुरू होताना हिमोग्लोबिन 5 वर आलं म्हणून रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. दुसऱ्याच्या रक्तानेही अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात. ट्रान्सप्लांट करायचं असेल तर रक्त होता होईल तो टाळावं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. जाऊ द्या.

मी देतो म्हटलं, तर माझ्यातही अर्धा वाटा अप्पांचाच, तीच अडचण येऊ शकते. मावशी तयार होती, तिला शुगर निघाली.

आता डॉक्टर म्हणतात, रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी दाबायचं औषध) द्यायचं, मग प्लाझ्माफेरेसिसचे (मशीनने रक्तातल्या अँटिबॉडी काढायचे) पाच-सहा सेशन आणि सोबत आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचं सलाईन). परत क्रॉसमॅच करायची, निगेटिव्ह आली तरच ऑपरेशन. प्रतिकारशक्ती दबल्यामुळे इन्फेक्शनची भीती, आणि अँटिबॉडी नंतर पुन्हा उसळू शकतात. दुसरा रस्ता स्वॅपचा. आपल्यासारख्याच अडलेल्या जोडीशी किडनीची अदलाबदल, 2011 च्या कायदादुरुस्तीने त्याला परवानगी आहे. पण तशी जोडी मिळेपर्यंत थांबायचं किती?

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: एवढ्या एमएफआयला किती सेशन लागले? ऑपरेशननंतर बायोप्सी करावी लागली का? महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लांटला साडेचार लाखांपर्यंत मिळतात, पण हा आधीचा खर्च कोणाला त्यात बसवून मिळाला का? आधी स्वॅपला नाव नोंदवून ठेवावं, असं माझं मत. अप्पांना धीर नाही. आणि आई एकच म्हणते, "माले नको तुम्हनी किडनी, वावर कोन देखी?"

अपडेट: तळोद्याच्या दादांनी विचारलं म्हणून सांगतो, रक्तगटाची अडचण नाहीच, टिश्यूची आहे. रक्तगट न जुळणं वेगळं प्रकरण. आणि काढे सुचवणाऱ्यांना हात जोडतो. मागे एक काढा घेतला, तेव्हा पोटॅशियम इतकं चढलं की रात्री दोनला गाडी काढावी लागली.