'बसऱ्याला गेला' : लढाईत पडलेल्या गावच्या माणसाचा शोध

आमच्या घरात पणजोबांच्या धाकट्या भावाबद्दल एवढंच चालत आलंय: 'तो बसऱ्याला गेला.' बसरा म्हणजे आताच्या इराकातलं बंदर. गेला म्हणजे पलटणीबरोबर गेला की कायमचा गेला, हे कधी कुणी विचारलं नाही. आता विचारावं असं कुणी राहिलं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक तरी आहे. कराडजवळच्या आमच्या गावात तेही नाही. तुम्ही असा कुणी शोधला असेल तर लिहा. कुठे सापडला, कुठे अडलात?

तासगावहून
महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. मी दोन महिने 'सांगली' टाकून बसलो, काही मिळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात होतं! दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ला आणि त्याचं सांगली झालं १९६०ला. 'सातारा' टाकल्यावर आजोबांचे चुलते सापडले, तेही आडनावाशिवाय. वडलांच्या नावावरून ओळखले. गावाच्या नावाचं स्पेलिंग असं की आमच्या सरपंचालाही ओळखू आलं नसतं.

कोरेगावहून
आमच्या देव्हाऱ्यात तळहाताहून थोडी मोठी, गोल, जड ताटली होती. तिच्यावर उभी बाई आणि शेजारी सिंह. आजी तिला देवी म्हणूनच पुजायची. नवरात्रात घटाशेजारी मांडायची. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी ती चिंचेनं घासायला घेतली. कुंकवाचा थर निघाला तशी उजवीकडच्या चौकटीत इंग्रजी अक्षरं वर आली. वाचलं तर आजीच्या चुलत सासऱ्यांचं नाव! ती बाई ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकार ही कांस्याची ताटली पाठवायचं. तिच्यावर हुद्दा नसायचा, शिपाई असो की साहेब, नुसतं नाव. आईला भीत भीत सांगितलं, देवी नाही म्हणून. ती म्हणाली, "असू दे. इतकी वर्षं नैवेद्य त्यालाच पोचला म्हणायचं." ताटली आहे तिथेच आहे. फक्त आता नावावर कुंकू लावत नाही.

वाळव्याहून
परदेशातल्या याद्यांआधी जमिनीच्या वारसनोंदीचे फेरफार काढा, असं माझं मत. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मिळाली, सगळी मोडीत. वाचून घेतली तेव्हा कळलं की आमच्या 'अविवाहित' शिपायाला बायको होती! वारस म्हणून तिचं नाव लागलेलं. पुढच्या फेरफारात त्याच नावाला कंस, म्हणजे नाव कमी केलेलं, कारण 'पाट लावला'. पुनर्विवाह केला की मेलेल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जायचा, १८५६च्या कायद्यानं. शिपाई शोधायला गेलो आणि आता तिलाच शोधतोय. ती कुठल्या गावी गेली, त्याचा पत्ता नाही. घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून गावोगाव फिरणारा हेळवी येईल तेव्हा त्याच्या वहीत काही निघतंय का बघायचं.

खटावहून
पलटण आणि बिल्ला नंबर हाती असल्याशिवाय कुठल्याही कार्यालयात जाऊ नका. मला एका ठिकाणी तीन हेलपाटे घालायला लावले आणि चौथ्यांदा साहेब रजेवर.

साताऱ्याहून, निवृत्त सुभेदार
आमच्याकडची म्हातारी माणसं मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आताच्या इराकातल्या, सगळ्याच लढायांना बसरा म्हणायची. तुमचा माणूस १०३, ११० किंवा ११७ नंबरच्या मराठा पलटणीत असेल तर तिथल्याच कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात असण्याचीही शक्यता धरा. २९ एप्रिल १९१६ला तिथलं आपलं, ब्रिटिशांच्या बाजूचं सैन्य शरण गेलं आणि त्यानंतर कैदेत पुष्कळ मेले. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त लोकांची आठवण आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावं, शिपायांचा नुसता आकडा. राग येतो. नाव हवं तर आयोगाची यादीच बघावी लागते.

मूळ विचारणारा
वाळवेकरांचं ऐकून फेरफाराची नक्कल काढली. मोडीतली आहे, मधे वाळवी लागून एक भोक पडलंय. 'मयत' तेवढं ओळखता आलं, पुढची ओळ लागत नाही. कराडात मोडी वाचणारं कुणी आहे का?