संध्याकाळी वायफाय सुटतंय – बी विंगचा ग्रुप

३०४: नमस्कार. संध्याकाळी अजून कोणाकडे नेट जातं का? आमचं ७ ते १० मध्ये दर दहा मिनिटांनी वायफाय सुटतं. लेकीचा ऑनलाइन क्लास असतो, काल चार वेळा बाहेर पडली, शेवटी रडायला लागली. राउटर बंद-चालू करून थकले. कंपनीवाले म्हणतात लाइन ओके.

१०३: आमच्याकडे पण! राउटरवर लाल दिवा लागतो.

५०२: १०३, दिव्याखाली ‘एलओएस’ लिहिलंय का? तसं असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. बारीक वायर कुठे दुमडली किंवा दाबली गेली आहे का बघा. जोड स्वतः उघडू नका, कंपनीचा माणूस बोलवा.

३०४ ताई, तुमचं वेगळं दिसतंय. आधी वायफाय जातं की लाइन जाते ते कळायला हवं. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, उत्तर येतं का ते दिसतं. त्याचा पत्ता मागच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१. दुसरीत ८.८.८.८ ला, तो बाहेरचा गूगलचा सर्व्हर. शेवटी डॅश आणि टी टाकलं की पिंग चालूच राहतं. नुसती दुसरी खिडकी अडली तर दोष लाइनचा. दोन्ही अडल्या तर राउटर ते लॅपटॉप यांच्यामध्येच काहीतरी आहे.

४०१: मी म्हणतो सरळ नवीन राउटर घ्या.

५०२: काका, कारण कळल्याशिवाय नको. शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी नडत असेल तर नवाही त्याच गर्दीत बसेल.

३०४: ७:४० ला सुटलं. दोन्ही खिडक्यांत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच नाही. पण राउटरला केबलने जोडलेल्या टीव्हीवर नेट चालूच होतं.

५०२: हे फार कामाचं सांगितलंत. टीव्ही चालू, म्हणजे लाइन बरी, राउटर मध्येच बंद पडत नाहीये, त्याचा पॉवर अडॅप्टरही ठीक. आता फोनवर वायफाय अॅनलायझरचं कुठलंही अॅप टाका आणि चॅनलचा, म्हणजे कुठला राउटर कुठल्या पट्ट्यावर बोलतो त्याचा आलेख इथे पाठवा.

३०४: पाठवला. आमचं ६ वर, तिथे अजून पाच जण. एक मोठा डोंगर ८ वर.

५०२: तो डोंगरच बघायला हवा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये शेजारच्या दोन चॅनलमध्ये फक्त ५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं आणि एक राउटर साधारण २० ची जागा घेतो. म्हणून एकमेकांना न भिडणारे तीनच: १, ६, ११. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. वेग कमी होतो, पण निभतं. अर्धवट भिडणाऱ्याचं बोलणं मात्र बाकीच्यांना नुसता गोंगाट. चॅनलची रुंदी २० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ ठेवली असेल तर ८ वाला ६ आणि ११ दोघांनाही त्रास देणार.

२०२: ८ वर आम्हीच आहोत. वेग वाढेल म्हणून मागच्या महिन्यात मीच ४० केलं होतं. सॉरी ताई. आत्ता २० करून १ वर टाकतो.

३०४: अरे दादा, तुला काय माहीत! मी ११ वर जाते.

५०२: बाकीच्यांनीही कृपा करून ‘ऑटो’वर न सोडता या तिघांतलाच एक घ्या, रुंदी २०. आणि राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीमागे ठेवू नका.

६०१: राउटरचा दुसरा बँड, ५ गिगाहर्ट्झ, का नाही वापरत सगळे?

५०२: त्याच खोलीत बसणार असाल तर जरूर वापरा, गर्दी कमी असते. दोन भिंती ओलांडल्या की रेंज पडते. चॅनल ३६ ते ४८ मधला घ्या. ५२ ते १४४ रडारही वापरतात. रडार जाणवलं की राउटरला तो चॅनल सोडावाच लागतो आणि सगळे डिस्कनेक्ट होऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी

३०४: आज ७ ते ९ एकदाही गेलं नाही! ९:१५ ला फोटो कॉपी करायला हार्ड डिस्क लावली तेव्हा मात्र सुटलं.

५०२: यूएसबी ३ ची आहे का? त्या जोडणीतून २.४ च्या आसपास गोंगाट निघतो. लांब वायरने लॅपटॉपपासून दूर ठेवा, दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

३०४: दुसऱ्या बाजूला लावली. कॉपी चालू आहे, वायफायही चालू आहे. लेक म्हणते ५०२ वाल्या काकांना थँक्यू सांग.

१०३: आमचा पण माणूस येऊन गेला. सोफ्याच्या पायाखाली वायर चेपली होती, बदलून दिली.