लग्न धवलारणीनं लावायचं आहे, आणि धवल्यात आईकडची नावं घालायची आहेत

कोपरखैरणे गावातून
वैशाखात लेकीचं लग्न आहे. आम्ही आगरी. आमच्या घरातली लग्नं आत्येसासूबाईंनीच लावली, माझंही. त्या धवलारीण, म्हणजे धवले (लग्नविधींची गाणी) म्हणून लग्न लावणाऱ्या. वय ८१, लिहिता-वाचता येत नाही, पण मांडवापासून हळद उतरेपर्यंतचे धवले तोंडपाठ. एकवीरा आई, खंडोबा, गावदेवी, मग घरातले गेलेले, एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावतात. व्याही कळव्याचे, आगरीच, पण त्यांच्याकडे एका पिढीपासून भटजी. म्हणाले, "धवले म्हणजे बायकांची गाणी, त्यानं लग्न लागत नाही." फार लागलं मला ते.

दुसरं लेकीचं. ती नावं सगळी बापाकडची. मी वाशीला कामाला जायचे तेव्हा तिला माझ्या आईनं वाढवलं. तिला आजीही मांडवात हवी. घाबरतच आत्यांना विचारलं. सुपात तांदूळ निवडत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "घाल गो पोरी तुजे आजीचा नाव. देवाला का ती परकी हाय?" पण थोरले दीर म्हणतात, धवला बदलला तर पूर्वज कोपतात. तुमच्याकडे कुणी बदललाय का?

दिवाळे गावचा
ताई, बदललाय की! आजीच्या धवल्यात नवरदेव होडीतून यायचा. १९८६ साली माझी वरात ट्रकातून निघाली, तर आजीनं उभ्या उभ्या होडी काढून ट्रक घातला. कुणी कोपलं नाही. धवले कुठल्या पोथीत नाहीत, प्रत्येक बाईनं आपली भर घातली म्हणून इथवर आले. मला भीती वाटते ती रेकॉर्ड करून डीजेवर लावतात त्याची.

नौपाड्याहून
मी पौरोहित्य शिकले आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी बायकांना हे शिकवते, तरी अजून मला दारातच विचारतात, "गुरुजी कुठे आहेत?" आम्ही जे नवीन म्हणून करतो, ते तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवाचून, समजेल अशा मराठीत लग्नं लावली. तुमच्या मांडवात तर मराठी होतीच. आणि नावांचं म्हणाल, तर श्राद्धाच्या तर्पणात आईकडच्या आजी-आजोबांचीही नावं घेतात. लेक काही वेगळं मागत नाहीये.

ठाणे कोर्टातून
व्याह्यांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ दाखवा. वधू किंवा वर, कुणाही एकाकडच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न लागतं. सप्तपदी रूढीत असेल तरच लागते. नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही असते, तिथं आत्यांचा अंगठा घ्या.

कोपरखैरणे गावातून
सगळ्यांचे मनापासून आभार. कलम वाचून व्याही नरमले. भटजी मंगलाष्टकांपुरते येतील, बाकी सगळं आत्या. दीर अजून गप्प आहेत. काल रात्री लेक आत्यांजवळ बसून आजीचं नाव चालीत बसवत होती. नाव तीन अक्षरी, ओळ तोकडी पडायची. पाच-सहा वेळा म्हणून झालं, मग आत्यांनी नावापुढं "माय" जोडलं. बसलं.