पालेर्मो: मुक्काम गावात की मोंदेल्लोला? गुरुवारपर्यंत ठरवायचंय

प्रेषक: प्राजक्ता

नमस्कार मंडळी,

सिसिलीतल्या पालेर्मोची तिकिटं झालीत. शुक्रवार दुपार ते सोमवार संध्याकाळ, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. मी आणि निखिल, दोन्ही मुलं आणि सासूबाई-सासरे. दोन घरं धरून ठेवली आहेत, दोन्ही गुरुवारी रात्रीपर्यंतच फुकट रद्द करता येतात.

एक मोंदेल्लोला, म्हणजे पालेर्मोच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वस्तीत, वाळूपासून अगदी जवळ, अंगण आहे. दुसरं जुन्या गावात बालारोच्या बाजाराजवळ, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांना नॉर्मन राजवाडा आणि मोन्रेआलेचं कॅथेड्रल बघायचंच आहे, त्याच बोलीवर ते यायला तयार झालेत. मुलांना फक्त पाणी हवं. निखिल म्हणतो मोंदेल्लोला राहू आणि गाडी भाड्याने घेऊ. बाबांच्या गुडघ्याचं सगळ्यांना माहीतच आहे.

अजून एक. आई-बाबांचा व्हिसा सिंगल एंट्रीचा आहे. इटलीला जाऊन परत आलं तर चालतं ना? काल कुणीतरी घाबरवून ठेवलंय त्यांना.

गेलेल्यांनीच सांगा प्लीज.

प्राजक्ता

प्रेषक: सुहासकाका

प्राजक्ता,

व्हिसाचं आधी सांगतो, म्हणजे ते दोघं आज शांत झोपतील. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, आतल्या आत फिरलं तर एंट्री वापरली जात नाही. इथून सिसिली म्हणजे कागदोपत्री एकाच हद्दीतला प्रवास. मूळ पासपोर्ट मात्र सोबत हवेत, फोटोकॉपी नको. इटलीत घरमालकाला प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे दारातच मागतात. व्हिसासाठी काढलेला विमा सगळ्या शेंगेन देशांत चालतो, त्याचाही कागद ठेवा.

आता मुक्काम. गावातच राहा. पालेर्मोला जाऊन मोंदेल्लोत राहणं म्हणजे गाव बघायचं राहूनच जाणार. संध्याकाळी माक्वेदा रस्त्यावर सगळं गाव पायी उतरतं, क्वात्रो कान्तीच्या चौकात दिवे लागतात, त्या वेळी तुम्ही तिथे हवेत, बसस्टॉपवर नव्हे. पोहायला जाऊन-येऊन करता येतं. ८०६ नंबरची बस स्तुर्त्सो चौकातून निघते, फावोरिता बागेतून सरळ मोंदेल्लो.

सुहास

प्रेषक: मृणाल

काका, मुलं घेऊन ती बस केलीय का कधी? ओली मुलं, वाळूची पिशवी, टॉवेल, आणि परतीच्या वेळी सगळं पालेर्मो त्याच स्टॉपवर उभं. वर पाकीट सांभाळा. लहान मुलांसाठी मोंदेल्लोसारखं पाणी शोधून सापडणार नाही, लांबपर्यंत गुडघ्याएवढंच आणि दोन्ही बाजूंना डोंगर, पेल्लेग्रीनो आणि गाल्लो, त्यामुळे वारा कमी. दुपारी मुलांना घरी नेऊन झोपवता येतं, हा केवढा फायदा आहे! आमची धाकटी तिथेच पाण्याला घाबरायची थांबली. मी मोंदेल्लोला मत देते.

मृणाल

प्रेषक: अनिकेत

निखिलला सांगा गाडी घेऊ नको. जुन्या पालेर्मोत झेडटीएल आहे, म्हणजे ठरावीक वेळी परवानगीशिवाय गाडी आत नेता येत नाही. दारावर माणूस नसतो, कॅमेरा असतो. पाटी छोटी, इटालियनमध्ये, आणि नेव्हिगेशन तुम्हाला खुशाल आत पाठवतं. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, इटलीतल्याच दुसऱ्या एका शहरात. घर शोधताना त्याच चौकाला वळसे घातले. दंड प्रत्येक फेरीचा वेगळा, आणि गाडीवाल्यांनी त्याचं नाव-पत्ता कळवण्याची फी वेगळी कापली. पत्रं घरी आली कित्येक महिन्यांनी, तोवर तो प्रवासच विसरला होता.

काही मुक्कामाच्या जागा गाडीचा नंबर नोंदवून देतात, पण ते आधी लेखी घ्यावं लागतं. आणि पार्किंग मिळालं तरी तिथल्या गल्ल्यांत गाडी घासल्याशिवाय परत आणणं अवघड.

अनिकेत

प्रेषक: निखिल

अनिकेत, आपण गाडी गावात नेणारच नाही आहोत. मोंदेल्लोला ठेवायची, मोन्रेआलेला टेकडीवर न्यायची, विमानतळावर परत द्यायची. विमानतळ गावापासून ३५ किलोमीटर लांब आहे, बाबांना घेऊन बस-ट्रेन-टॅक्सी कोण करणार?

प्रेषक: अनिकेत

मग राजवाड्याला कसे जाणार? तो जुन्या गावातच आहे. मोंदेल्लोहून गाडी, मग बाहेर पार्किंग, मग टॅक्सी. त्यापेक्षा सरळ टॅक्सी.

प्रेषक: मेधाताई

प्राजक्ता, निखिल आणि सर्वांना,

सहलींचे प्रश्न सहल समितीकडे आधी पाठवायचे हे क्रोएशियाच्या वेळी सर्वांच्या सहमतीने ठरलं होतं. ते उगाच ठरवलं नव्हतं. हिवाळ्यानंतरची मंडळाची सहल सिसिलीलाच न्यायची असं बोलणं सुरू आहे आणि आमच्याकडे या माहितीची फाइल आहे. प्रत्येकाने वेगवेगळं विचारलं की तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहावी लागतात.

फाइलमधलं एवढंच सांगते. राजवाडा शनिवारी करा. तिथे सिसिलीच्या प्रादेशिक विधानसभेचं कामकाज चालतं, त्यामुळे वरची राजदालनं मंगळवार ते गुरुवार बघता येत नाहीत. रविवारी सकाळी राजवाड्यातल्या पालातिना चॅपलमध्ये प्रार्थना असते, तेव्हा पाहुण्यांना थांबवतात. म्हणजे तुमच्या तारखांत शनिवारच नीट बसतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांचेसुद्धा. परत आल्यावर तुमचे अनुभव समितीला लिहून द्या.

आणि प्राजक्ता, गणपतीच्या मोठ्या पातेल्यांच्या खोलीची चावी तुझ्याकडे आहे का?

मेधा

प्रेषक: वैशाली

राहण्याचं बाकीचे सांगतीलच, आईंच्या जेवणाचं मी सांगते, कारण त्या अंडंही खात नाहीत.

पालेर्मोत पानेल्ले नावाचा प्रकार गाड्यांवर मिळतो. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवतात, थापतात, पातळ चौकोन कापून तळतात, वरून लिंबू. आपल्या पाटवड्या तळल्यासारख्या. पावात घालूनही देतात. सोबत बटाट्याचे क्रोक्के घ्या. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबट-गोड भाजी, केपर आणि ऑलिव्ह घातलेली. आई आनंदाने खातील. कुठे कुठे तिच्यात मासे घालतात, एकदा विचारायचं.

सांभाळायचं ते असं. आरांचिना हा भाताचा तळलेला गोळा. त्यातल्या लोण्याच्या प्रकारात आत हॅम असतं, आणि 'बुर्रो' वाचून शाकाहारी माणूस हमखास तोच उचलतो. पालकाचा मागा. स्फिंचोने पिझ्झासारखा दिसतो, पण त्यात अँचोव्ही, म्हणजे बारीक मासे असतात. कान्नोली या मिठाईच्या नळीत पारंपरिक कृतीप्रमाणे डुकराची चरबी घालतात. लिंबाची किंवा बदामाची ग्रानिता घ्या, पण तिच्याबरोबरच्या ब्रिओशमध्ये अंडं आहे. बाजारात प्लीहा भरलेला पाव आणि आतड्यांचे भाजलेले वेटोळे उघड्यावर असतात. आईंना वासाचा त्रास होतो, तेव्हा बालारोच्या अगदी शेजारी घर घेण्याआधी याचा विचार कर.

वैशाली

प्रेषक: मृणाल

कान्नोलीत चरबी? हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे शाकाहारी पाहुण्यांना हौसेने आणून देतात सगळे. इथल्या इटालियन दुकानातल्यांतही असेल का?

प्रेषक: वैशाली

दुकानात विचारायचं, स्त्रुत्तो, म्हणजे ती चरबी, आहे का. काही जण लोणी किंवा तेल वापरतात. आतलं सारण मेंढीच्या दुधाच्या रिकोत्ताचं असतं, ते नुसतं वाटीत मागितलं तर देतात.

प्रेषक: शरदकाका

प्राजक्ता,

मला बस-गाडीतलं काही सांगता येणार नाही, पण तुझ्या सासऱ्यांना एक गोष्ट जरूर सांग. ते ठाण्याचे ना? मग त्यांना ही कळलीच पाहिजे.

त्या राजवाड्यात नॉर्मन राजा दुसरा रॉजर राज्य करत होता तेव्हा त्याच्या दरबारात अल-इद्रीसी नावाचा अरब भूगोलकार होता. राजाच्या सांगण्यावरून त्याने जगाचं वर्णन आणि नकाशे तयार केले, ११५४ साली काम पुरं झालं. नकाशात दक्षिण वर आहे. त्या वर्णनात कोकण किनाऱ्यावरची बंदरं आहेत. ठाणं आहे, सोपारा आहे, आणि अरब ज्याला सैमूर म्हणत ते चौल आहे. जुन्या प्रवाशांच्या नोंदी आणि व्यापाऱ्यांची माहिती जमवून त्याने लिहिलं. पालेर्मोत बसून बाराव्या शतकात एक माणूस ठाण्याबद्दल लिहीत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

चॅपलमध्ये गेल्यावर मान वर करायला सांगा. भिंतींवर बायझंटाईन पद्धतीचं सोनेरी मोझेक आहे आणि वरचं लाकडी छत मुसलमान कारागिरांच्या परंपरेतलं, मधमाशांच्या पोळ्यासारख्या कोनाड्यांचं, त्यावर कुफी, म्हणजे जुन्या अरबी लिपीतली अक्षरं. छतावरची चित्रं खालून बारीक दिसतात. दुर्बीण न्या. सासरेबुवांना बसायला बाकं मिळतील, घाई करू नका. बरेच लोक फोटो काढून पळतात आणि ते छत न बघताच परत येतात.

शरद

प्रेषक: सुहासकाका

शरदराव, झिसा नावाच्या वाड्यात ११४९ चा एक समाधीलेख आहे, तोही सांगा त्यांना. एका पाद्र्याने आपल्या आईसाठी कोरून घेतलेला, लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतली अरबी, असा. त्या शहराबद्दल यापेक्षा जास्त सांगणारा दगड मी पाहिलेला नाही.

मृणाल, बस मी नातवंडांना घेऊन केलेली आहे. गर्दी शनिवार-रविवारची असते, तेव्हा गावातली कुटुंबंही समुद्रावर असतात. सोमवारी सकाळी जावं. सप्टेंबरअखेर पाणी अजून छान उबदार असतं.

प्राजक्ता, मात्र वैशालीचं आणि गुडघ्याचं वाचून बालारोचं घर मीही सुचवणार नाही. लिफ्टशिवाय दुसरा मजला, खाली घासून गुळगुळीत झालेल्या फरशा, पाऊस पडला तर वयस्कर माणसाला तिथून उतरवणंच कठीण.

तुम्ही दोन्ही सोडून पोलितेआमा नाट्यगृहाच्या आसपास बघा. विमानतळाची बस तिथे थांबते. ८०६ शेजारच्या स्तुर्त्सो चौकातून सुटते, म्हणजे चढताना बसायला जागा मिळते, मृणालची अडचण निदान जातानाची तरी सुटते. तिथून मास्सिमो नाट्यगृहापर्यंत सपाट रस्ता आहे. इमारती त्या मानाने नव्या, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट. मोन्रेआलेची ३८९ नंबरची बस राजवाड्याजवळच्या इंडिपेंडेन्त्सा चौकातून जाते. शनिवारी राजवाडा झाला की तिथूनच वर जाता येईल. बस वाट बघायला लावते, तेव्हा बाबांसाठी टॅक्सी करा, भाडं आधी ठरवून. मोन्रेआलेत ६,००० चौरस मीटरहून जास्त मोझेक आहे, दुपार त्यातच जाईल.

सुहास

प्रेषक: मृणाल

पोलितेआमा चालेल. पण मग रविवारी काय? मुलं दोन दिवस चर्च बघणार नाहीत. रविवारी ट्रेनने चेफालूला जा. तासाभरात पोचते, स्टेशनवरून समुद्र चालत, आणि वाळूच्या टोकालाच ११३१ साली बांधायला घेतलेलं कॅथेड्रल. बाबा एकीकडे, मुलं एकीकडे, कुणाला गाडीत बसवायला नको. गर्दी तिथेही असेल, पण ती ट्रेनने विरते, बसच्या स्टॉपसारखी अंगावर येत नाही. रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. आणि तिकीट पाहून घ्या, कागदी असेल तर फलाटावरच्या यंत्रात छाप मारायची.

मोंदेल्लोला सोमवारी जाल तेव्हा त्या जुन्या स्नानगृहाची इमारत मुलांना दाखवा, पाण्यात खांबांवर उभी आहे, १९१३ च्या सुमाराची. आधी तिथे दलदल होती, ती बुजवून हा सगळा किनारा वसवला. बाबांनाही आवडेल.

प्रेषक: मेधाताई

चेफालू आणि मोन्रेआले दोन्ही पालेर्मोबरोबर २०१५ च्या जागतिक वारशाच्या यादीत एकत्रच आहेत, अरब-नॉर्मन वास्तू म्हणून. समितीच्या फाइलमध्ये हाच क्रम आहे, राजवाडा, मोन्रेआले, चेफालू. म्हणून म्हणते, आधी विचारायचं.

चावीचं उत्तर आलं नाही.

प्रेषक: प्राजक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्या मेल मोठ्याने वाचल्या. बाबांनी इद्रीसीचं दोनदा वाचायला लावलं आणि आता ते दुर्बीण शोधतायत.

दोन्ही घरं रद्द केली. पोलितेआमाजवळ चौथ्या मजल्यावर घर मिळालं, लिफ्ट आहे हे मालकिणीकडून फोटोसकट लिहून घेतलं. शुक्रवारी विमानतळावरून बस. शनिवारी राजवाडा आणि तिथून टॅक्सीने मोन्रेआले. रविवारी चेफालू. सोमवारी सकाळी मोंदेल्लो, सामान ठेवू द्यायला ती तयार आहे. गाडी नाही. निखिलचं म्हणणं एवढंच की सोमवारी दुपारी तो मोंदेल्लोहून टॅक्सी करणार, ८०६ नाही, आणि ते मला मान्य आहे.

वैशाली, पालकाच्या आरांचिनाचं इटालियन नाव आणि 'मासे नकोत, चरबी नको' हे वाक्य मला देवनागरीत लिहून पाठवशील का? आईंना स्वतः मागायचंय.

मेधाताई, चावी माझ्याकडे नाही, सत्यनारायणानंतर मी ती अनिकेतकडे दिली. परत आल्यावर समितीला सगळं लिहून देईन, बसच्या वेळांसकट.

प्राजक्ता

प्रेषक: वैशाली

'आरांचिना आल्यि स्पिनाचि.' 'सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो, पेर फावोरे.' अंड्यासाठी 'सेन्झा उओवा'. आईंकडून आधी म्हणवून घे.

प्रेषक: अनिकेत

चावी माझ्याकडेच आहे. मेधाताई, शनिवारी आणून देतो.